विकरांचे कार्य व त्यावर परिणाम करणारे घटक : स्वयंपाकघर, कापड आणि रक्त यांच्या आधारे एक परिचय

प्रस्तावना

प्रस्तुत लेखक भाषेचा अध्यापक आहे, विज्ञानाचा नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करण्यामागे एक कारण आहे. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात आपल्याकडे येणारे विद्यार्थी एका माध्यमाचे नसतात. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, उर्दू, हिंदी अशा अनेक माध्यमांतून चालतात. तेथून पुढे आलेली मुले कॉलेजात एकाच बाकावर बसतात. विज्ञानाच्या एका सहकाऱ्याने मला विचारले, “एन्झाइम हा शब्द मी फळ्यावर लिहितो. एक मुलगा विकर म्हणतो, दुसरा उत्सेचक म्हणतो, तिसरी मुलगी ख़ामिरा म्हणते. तिघांना एकच गोष्ट कळली आहे की नाही, हे मी कसे ओळखावे?” हा प्रश्न भाषेचा आहे आणि विज्ञानाचाही. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, वर्गात करून पाहिले आणि विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून तपासून घेतले, ते येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

मराठी पाठ्यपुस्तकांत ‘विकर’ हा शब्द रूढ आहे, जुन्या पुस्तकांत ‘वितंचक’ही आढळतो. मराठी विश्वकोशाने ‘एंझाइमे’ असे रूप स्वीकारले. गुजरातीत ‘उत्सेचक’ म्हणतात. उर्दूतील ‘ख़ामिरा’ हा शब्द मात्र शिक्षकाच्या विशेष उपयोगाचा आहे, कारण तो ‘ख़मीर’ या शब्दाशी जोडलेला आहे. खमिरी रोटीचे पीठ फुगवणारे ते खमीर आपल्या घराघरांत माहीत आहे. जर्मन शास्त्रज्ञ कूने यांनी १८७७ साली ‘एन्झाइम’ हा शब्द ग्रीकवरून घडवला. त्याचा अर्थही ‘खमिरातील’ असाच होतो. म्हणजे उर्दू शब्द आणि युरोपीय शब्द यांच्या मुळाशी एकच चित्र आहे. वर्गात आधी खमिराचे चित्र उभे करावे आणि मग तीनही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. मुले गोंधळत नाहीत, असा अनुभव आहे.

मात्र या चित्रात एक धोका आहे. खमीर जिवंत असते, विकर जिवंत नसते. खमिरातील यीस्टच्या पेशी जिवंत असतात आणि विकर हे त्या पेशींनी तयार केलेले रसायन असते. हा भेद शास्त्रज्ञांनाही फार उशिरा उमगला. आंबण्याची क्रिया जिवंत पेशीशिवाय होणारच नाही, असे एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वानांचे मत होते. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूसोबत खलून फोडल्या, त्यांचा रस गाळून घेतला आणि त्या निर्जीव रसानेही साखर आंबते, हे दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून ‘विकर मेले’ असे वर्गात म्हणू नये, ‘विकर निकामी झाले’ असे म्हणावे.

विकर म्हणजे काय?

रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः त्या क्रियेत खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. सजीवांनी तयार केलेला उत्प्रेरक म्हणजे विकर. जवळजवळ सर्व विकरे प्रथिनांची बनलेली असतात. १९२६ साली अमेरिकेतील जेम्स सम्नर यांनी जॅक बीन या घेवड्यासारख्या शेंगेच्या बियांतून युरिएज नावाचे विकर स्फटिकरूपात वेगळे केले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले. पुढे १९८० च्या दशकात आरएनएचे काही रेणूही विकरासारखे काम करतात असे आढळले, परंतु आपल्या अभ्यासक्रमापुरते विकर म्हणजे प्रथिन हे सूत्र पुरेसे आहे.

विकर ज्या पदार्थावर काम करते त्याला आपण आधारद्रव्य म्हणू. प्रथिनाची लांब साखळी विशिष्ट तऱ्हेने दुमडून विकराचा रेणू तयार होतो. या दुमडण्यातून एक लहान खोबण निर्माण होते. तेच त्याचे क्रियाशील स्थान. आधारद्रव्य त्या खोबणीत बसते, तेथे त्याचे बंध ताणले जातात, तुटतात किंवा नवे जुळतात आणि तयार झालेला पदार्थ बाहेर पडतो. खोबण पुन्हा मोकळी होते.

क्रिया सुरू होण्यासाठी काही किमान ऊर्जा लागते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. घाट चढून पलीकडे उतरायचे असेल तर आधी चढण चढावीच लागते. विकर डोंगरातून बोगदा काढून देते. दोन्ही टोकांची गावे तीच राहतात, फक्त वाट सोपी होते. म्हणूनच जी क्रिया मुळातच अशक्य आहे ती विकरामुळे शक्य होत नाही, जी शक्य पण अत्यंत संथ आहे ती वेगाने होते.

नेमकेपणा : खळीचे उदाहरण

१८९४ साली एमिल फिशर यांनी विकर आणि आधारद्रव्य यांना कुलूप व किल्लीची उपमा दिली. १९५८ साली डॅनियल कोशलँड यांनी तीत सुधारणा केली. त्यांच्या मते खोबण ताठर नसते. हात घालताच हातमोजा जसा आकार घेतो, तशी ती आधारद्रव्य आल्यावर आकार बदलते.

हा नेमकेपणा समजावण्यासाठी कापडाच्या धंद्याइतके चांगले उदाहरण नाही. सुती ताण्याचे धागे मागावर तुटू नयेत म्हणून त्यांना पिष्टाची खळ देतात. कापड विणून झाल्यावर ही खळ काढावी लागते, अन्यथा रंग एकसारखा बसत नाही. सुरतेचे बहुतांश कापड कृत्रिम धाग्याचे असल्याने तेथे पिष्टाची खळ क्वचित असते. परंतु मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील सुती कापडाचा हा रोजचा प्रश्न आहे.

खळ आम्लानेही काढता येते. पण पिष्ट आणि सुताचे सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत, आणि आम्ल दोघांनाही तोडते. थोडे दुर्लक्ष झाले की कापड विरते. अमायलेज हे विकर मात्र फक्त पिष्ट तोडते. दोन्ही साखळ्यांचा मणी एकच, पण पिष्टात मणी अल्फा प्रकारच्या बंधाने जोडलेले असतात आणि सेल्युलोजमध्ये बीटा प्रकारच्या. अमायलेजच्या खोबणीत अल्फा बंधच बसतो. आपल्याला भात पचतो आणि कापूस पचत नाही याचेही कारण हेच आहे.

परिणाम करणारे घटक

१. तापमान

तापमान वाढले की रेणूंची धावपळ वाढते, ते विकराला अधिक वेळा भेटतात आणि क्रियेचा वेग वाढतो. साधारणपणे दर १० अंश सेल्सियसला वेग सुमारे दुप्पट होतो. पण ही वाढ एका मर्यादेपर्यंतच टिकते. त्यापुढे प्रथिनाचे दुमडणे उलगडते आणि खोबण नाहीशी होते.

पर्वत पाटियाच्या मुलांना हे साडीच्या घडीवरून चटकन समजते. साडी तीच, सूत तेच, वजनही तेच, पण घडी मोडली की ती खोक्यात बसत नाही. उकळल्यावर विकराची साखळी तुटत नाही, घडी मोडते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग जसा थंड केल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तशीच ही घडी सहसा परत बसत नाही. याउलट थंडीने घडी मोडत नाही, काम फक्त मंदावते. गरमीने निकामी होणे आणि थंडीने थांबणे यांतील हा फरक परीक्षेत वारंवार चुकतो.

प्रत्येक विकराचे अनुकूल तापमान वेगळे असते. मानवी शरीरातील बहुतेक विकरे ३७ अंशांच्या आसपास उत्तम काम करतात. कच्च्या पपईच्या चिकातील पपेन मात्र ६५ अंशांच्या सुमारासही जोरात काम करते. शहादा, नंदुरबारकडून येणारी पपई आपल्या बाजारात मुबलक असते आणि कबाबाच्या खिम्याला ती लावण्याची रीत घरोघरी आहे. फ्रिजमध्ये ठेवलेला खिमा हळूहळू मुरतो, बाहेर ठेवलेला लवकर मुरतो, मंद आचेवर काही वेळ फार झपाट्याने मऊ होतो आणि कडक आच लागली की मऊ होणे थांबते. पपई आधी शिजवून लावली तर उपयोग होत नाही. एका पदार्थात तापमानाचा संपूर्ण आलेख येतो.

दुधाच्या व्यवसायात या गुणधर्माचा उपयोग परीक्षेसाठी केला आहे. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर असते. क्षयाच्या जंतूला नष्ट करण्यास जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित अधिक उष्णतेने ते निकामी होते. पाश्चरीकरणानंतर दुधात हे विकर कार्यरत आढळले नाही तर दूध पुरेसे तापले आहे, असा निष्कर्ष डेअरीत काढतात. म्हणजे विकराचे निकामी होणे हीच येथे सुरक्षिततेची खूण आहे.

२. सामू

आम्लता किंवा अल्कता मोजण्याचे माप म्हणजे सामू. तो बदलला की प्रथिनावरील विद्युतभार बदलतात आणि खोबणीचा आकार बिघडतो. लाळेतील अमायलेज ७ च्या जवळपासच्या सामूला उत्तम चालते, जठरातील पेप्सिन २ च्या आसपास आणि आतड्यातील ट्रिप्सिन ८ च्या आसपास. त्यामुळे घासाबरोबर गिळलेले लाळेचे विकर जठरातील आम्लात हळूहळू थांबते. पेप्सिन आतड्यात पोहोचल्यावर तेथील अल्कतेमुळे थांबते. पचनसंस्थेत प्रत्येक टप्प्यावर एकाची पाळी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते.

३. विकर व आधारद्रव्य यांचे प्रमाण

समजा, एका दुकानात साड्यांना घडी घालणारे दहा कारागीर आहेत. साड्यांचे गठ्ठे वाढवत नेले तर सुरुवातीला काम वाढत जाईल. परंतु दहाही जणांचे हात गुंतले की आणखी गठ्ठे आणून काही लाभ नाही. काम वाढवायचे तर कारागीर वाढवावे लागतील. आधारद्रव्य वाढवल्यावर विकरक्रियेचा वेग असाच आधी चढतो आणि मग सपाट होतो. या आलेखाचे गणित १९१३ साली लिओनोर मिखाएलिस व मॉड मेंटन यांनी मांडले. मेंटन या कॅनडातील महिला वैद्यक संशोधक होत्या, हे विद्यार्थिनींना आवर्जून सांगावे.

४. पृष्ठभाग आणि काळ

अखंड तुकड्याला लावलेली पपई वरचा थर गाळ करते आणि आत पोहोचत नाही. खिम्यात ती कणाकणाला भिडते. काळाचे महत्त्व उसात दिसते. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीसाठी धुळे, नंदुरबार, डांग येथून मजूर येतात. ऊस तोडल्यानंतर त्यातील इन्व्हर्टेज हे विकर साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करू लागते, आणि त्यांची दाणेदार साखर बनत नाही. ऊस गव्हाणीशी ताटकळला, त्यात ऊन कडक असले, तर उतारा घटतो. म्हणून तोडलेला ऊस शक्य तो एका दिवसाच्या आत गाळावा असा आग्रह असतो.

५. सहघटक

काही विकरांना कामासाठी जोडीदार लागतो. तो धातूचा आयन असू शकतो किंवा जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू. खळ काढणाऱ्या अमायलेजला कॅल्शियममुळे उष्णतेत स्थैर्य मिळते. ब गटातील अनेक जीवनसत्त्वे शरीरात विकरांचे जोडीदार म्हणूनच काम करतात. ती अल्प प्रमाणात का पुरतात, याचे उत्तरही येथेच आहे : जोडीदार पुन्हा पुन्हा वापरला जातो.

६. अवरोधक

जो पदार्थ विकराचे काम अडवतो तो अवरोधक. काही अवरोधक आधारद्रव्यासारखे दिसतात आणि खोबणीत जागा अडवून बसतात. काही दुसऱ्याच ठिकाणी चिकटून खोबणीचा आकार बिघडवतात. काही कायमचे जोडले जातात. पेनिसिलिन जंतूंची भित्तिका बांधणारे विकर अशाच रीतीने कायमचे अडवते.

हीच गोष्ट जीवघेणीही ठरते. आपल्या मज्जातंतूंचा निरोप स्नायूला पोहोचल्यावर निरोप्या रेणू लगेच मोडून टाकणारे एक विकर असते, अॅसिटिलकोलिनेस्टरेज. मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशके या विकराला जखडतात. निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, थरथर, श्वास कोंडणे ही लक्षणे त्यातून येतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेथे वापरात असलेल्या औषधांत या गटातील औषधेही होती. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची शेते गावी आहेत. त्यांच्यासाठी ‘अवरोधक’ ही केवळ दोन गुणांची व्याख्या राहू नये.

एक विकर, एक शहर : जी-६-पी-डी

विकराचा संबंध आपल्या शहराशी किती जवळचा आहे, हे दाखवणारे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण शेवटी घेतो. ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, थोडक्यात जी-६-पी-डी, हे विकर लाल रक्तपेशींना काही घातक रसायनांपासून वाचवणारे द्रव्य तयार ठेवते. काही व्यक्तींत ते जन्मतः दुबळे असते. लाल पेशीत केंद्रक नसल्याने तिला नवे विकर बनवता येत नाही. पेशी जसजशी जुनी होते तसतसा साठा ओसरतो. एरवी अशी व्यक्ती पूर्ण निरोगी असते. पण मलेरियावरील प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरील डॅप्सोन अशी काही औषधे पोटात गेली की लाल पेशी फुटू लागतात. लघवी काळपट होते, कावीळ दिसते, धाप लागते.

प्रायमाक्विनने काहींनाच असा त्रास का होतो, याचे कारण १९५६ साली अमेरिकेत उलगडले. भारतात १९६३ साली मुंबईतील पारशी समाजात ही कमतरता नोंदवली गेली. आपल्या देशात आढळणाऱ्या तिच्या एका प्रमुख प्रकाराला ‘केरळ-कल्याण’ असे नाव आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरतेत स्थायिक असलेल्या एका समाजात हे प्रमाण बरेच जास्त आढळले. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषात ते गुणसूत्र एकच असल्याने पुरुषांत ही कमतरता अधिक ठळक दिसते.

या बाबतीत शिक्षकाने तीन गोष्टी सांगाव्यात. पहिली, ही कमतरता कोणत्याही एका जातीची वा धर्माची खूण नाही. जगात कोट्यवधी लोकांत ती आहे आणि मलेरियाच्या प्रदेशांत ती अधिक आढळते. दुसरी, मलेरियाचे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये आणि स्वतःच्या मनाने थांबवूही नये. पूर्वी एखाद्या औषधाने लघवी काळी झाली असेल किंवा घरात कुणाला असा त्रास झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. यासाठी रक्ताची साधी तपासणी उपलब्ध असते. तिसरी, साड्यांच्या कपाटात ठेवतात त्या डांबराच्या गोळ्या. त्यांतील नॅप्थॅलीनमुळेही अशा व्यक्तीच्या लाल पेशी फुटतात. त्या गोळ्यांत ठेवलेले कपडे न धुता तान्ह्या बाळाला गुंडाळू नयेत.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

भाताची पातळ पेज गाळून घ्यावी आणि चार परीक्षानळ्यांत सारखी ओतावी. पहिलीत लाळ घालून नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवावी. दुसरीत उकळून थंड केलेली लाळ घालावी. तिसरीत व्हिनेगर मिसळून लाळ घालावी. या दोन्ही नळ्याही कोमट पाण्यातच ठेवाव्यात. चौथी नळी आधी बर्फात गार करावी, मग लाळ घालून बर्फातच ठेवावी. पंधरा मिनिटांनी प्रत्येकीतील थोडे पाणी वेगळे घेऊन त्यात आयोडीनचा थेंब टाकावा. पहिलीत निळा रंग येत नाही किंवा फार फिका येतो, कारण पिष्ट संपलेले असते. बाकी तिन्हींत निळा रंग येतो. मग दुसरी व चौथी नळी काही वेळ कोमट पाण्यात ठेवून पुन्हा तपासावी. चौथीतील पिष्ट आता नाहीसे होते, दुसरीतील तसेच राहते. थंडी आणि उष्णता यांतील फरक मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. प्रत्येकाने स्वतःचीच लाळ वापरावी आणि नळ्या नीट धुवाव्यात.

येथे माझी एक चूक नमूद करतो. पहिल्यांदा मी व्हिनेगरऐवजी लिंबू पिळले. निळा रंग आलाच नाही, आणि ‘लाळेचे विकर आम्लातही चालते’ असे मी वर्गाला सांगून मोकळा झालो. नंतर सहकाऱ्याने समजावले की लिंबातील क जीवनसत्त्व आयोडीनचाच रंग घालवते. दुसऱ्या दिवशी मी लाळेशिवाय नुसत्या पेजेत लिंबू पिळून आयोडीन टाकून दाखवले. तेथेही रंग आला नाही. आदल्या दिवशीचे विधान मी फळ्यावर लिहून खोडले. तुलनेसाठी एक नळी वेगळी का ठेवावी, हे त्या दिवशी मुलांना आणि मलाही पक्के समजले.

समारोप

विकराचे कार्य त्याच्या आकारावर अवलंबून असते आणि तापमान, सामू, प्रमाण, काळ, सहघटक व अवरोधक हे घटक त्या आकारावर किंवा त्याच्या आधारद्रव्याशी होणाऱ्या भेटीवर परिणाम करतात. एवढे सूत्र हाती असले की खिमा, खळ, ऊस, दूध, फवारणी आणि रक्त हे सर्व एकाच पाठात बसतात. विद्यार्थी विकर म्हणो, उत्सेचक म्हणो की ख़ामिरा, त्याला पुढील प्रश्न विचारावा : “पपई शिजवून लावली तर कबाब मऊ होईल का, आणि का?” त्याने आपल्या भाषेत बरोबर कारण दिले तर संकल्पना पोहोचली असे समजावे. विज्ञानाच्या व भाषेच्या अध्यापकांनी मिळून आपल्या महाविद्यालयापुरती अशी चार भाषांतील संज्ञांची एक छोटी वही तयार करावी, अशी नम्र सूचना करून हा लेख पूर्ण करतो.